बिऱ्हाड बंगळुरूला, पण घर कुठे?

'घर' आणि 'बिऱ्हाड' हे मराठीतले दोन वेगळे शब्द आहेत. घर बांधायचे असते; बिऱ्हाड मांडायचे आणि वेळ आली की हलवायचे असते. चाळीत किंवा वाड्यात भाड्याने राहणारा तो बिऱ्हाडकरू आणि ज्याची वास्तू तो घरमालक, हा भेद आपल्या भाषेने पूर्वीपासून केला आहे. गंमत अशी, की कन्नडमध्येही मुक्कामाच्या जागेसाठी 'बिडार' हा शब्द आहे आणि मराठीतील 'बिढार', 'बिऱ्हाड' यांचे त्याच्याशी जवळचे नाते आहे. नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईहून, नागपूर-नाशिकहून बंगळुरूला गेलेल्या अनेक मराठी कुटुंबांची अवस्था या एका शब्दात सामावते. बिऱ्हाड मांडून होते. घर मात्र वर्षानुवर्षे होत नाही.

'दोन वर्षांचा प्रश्न आहे, मग परत यायचेच आहे,' या वाक्याने बहुतेक स्थलांतरांचा प्रारंभ होतो. दोनाची पाच वर्षे होतात, पाचाची दहा. या काळात गाडीची पाटी 'एमएच' राहते, मतदारयादीतले नाव जुन्याच वॉर्डात राहते, भाषेची गाडी चार वाक्यांपुढे सरकत नाही आणि शेजारच्या बिऱ्हाडाशी ओळख लिफ्टमधल्या स्मितापुरती उरते. नव्या प्रांतात रुळणे कठीण जाते, त्याचे कारण दरवेळी हवापाणी किंवा परकी माणसे हेच नसते. आपण येथे तात्पुरते आहोत, ही मनाशी बांधलेली गाठ हेही त्याचे मोठे कारण असते. या तात्पुरतेपणाची किंमत किती, आणि ती कोण मोजतो, हे समजून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

सासरी जाणारी मुलगी आणि बदलीवर जाणारा मुलगा

२०११च्या जनगणनेने देशात सुमारे ४५ कोटी स्थलांतरित नोंदवले, म्हणजे दर तीन भारतीयांमागे एकाहून अधिक. मात्र यांतील बहुसंख्य लोक आपल्याच राज्यात हललेले होते. राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांची संख्या साडेपाच कोटींच्या आसपास होती. स्थलांतर म्हणजे पोटापाण्यासाठी पुरुषाने गाव सोडणे, अशी आपली रूढ समजूत आहे. जनगणना वेगळेच सांगते. स्थलांतरितांत स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक आहे आणि त्यांच्या स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण विवाह हे आहे.

या आकड्यात विचार करण्यासारखे बरेच आहे. परक्या घरात जाऊन रुळण्याचा अनुभव मराठी घरांतील आई-आजींना पिढ्यान्‌पिढ्या आहे. तो सोपा होता असे कुणी म्हणणार नाही. परंतु त्याच्याभोवती समाजाने एक व्यवस्था उभी केली होती. नव्या घरात कुणाला काय म्हणायचे हे ठरलेले होते, पहिल्या वर्षाचे सण ठरलेले होते, माहेरपणाला येण्याचे निमित्तही ठरलेले होते. नोकरीसाठी दुसऱ्या प्रांतात जाणाऱ्या कुटुंबासाठी अशी कोणतीही व्यवस्था नाही. कंपनी फार तर सामान हलवण्याचा खर्च आणि पंधरा दिवसांचे हॉटेल देते. त्यानंतरचे सारे ज्याचे त्याने शोधायचे असते.

उशिरा येणारी उदासी

नव्या जागी मन कसे रुळते, याचा शास्त्रीय अभ्यास गेली सत्तर वर्षे सुरू आहे. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेर्र लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये अमेरिकेत राहून आलेल्या सुमारे २०० नॉर्वेजियन अभ्यासकांच्या मुलाखतींवर आधारित निष्कर्ष मांडले. सहा महिन्यांपेक्षा कमी आणि दीड वर्षापेक्षा अधिक काळ राहिलेले लोक त्यामानाने समाधानी होते. सर्वांत एकाकी होते ते सहा ते अठरा महिने राहिलेले. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांनी १९६० मध्ये या प्रवासाचे टप्पे सांगितले : आरंभीचे कौतुक, मग वैताग, त्यानंतर सावरणे आणि अखेरीस रुळणे. पुढील काळातील काही अभ्यासांना हा आलेख सर्वांना लागू पडत नाही असे आढळले. अनेकांना पहिले महिनेच सर्वांत जड जातात. तरीही उदासी उशिरा येऊ शकते, हे निरीक्षण व्यवहारात मोलाचे आहे.

बंगळुरूच्या बाबतीत ते सहज पटण्याजोगे आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंचीवरचे हे शहर नवागताचे स्वागत आल्हाददायक हवेने करते. घामाच्या धारांतून आलेल्या मुंबईकराला तर पहिले काही महिने सहलीसारखे वाटतात. मग नवलाई ओसरते. संध्याकाळची वाहतूक कोंडी, पाण्याचे टँकर, सणाच्या दिवशीही रिकामा वाटणारा दिवाणखाना आणि फोनवर 'कसे आहात?' या प्रश्नाला दिलेले 'मजेत' हे उत्तर, यांची बेरीज जाणवू लागते. अशा वेळी आपले काहीतरी चुकले, आपण येथे यायलाच नको होते, असे वाटणे स्वाभाविक आहे. हा टप्पा येणार हे आधी ठाऊक असेल, तर घाईने राजीनामा देण्याची किंवा एकमेकांना दोष देण्याची वेळ टळू शकते. उदासी लांबलीच, तर केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे. तिच्या उभारणीत बंगळुरूच्याच 'निम्हान्स' संस्थेचा मोठा वाटा आहे.

करार, अनामत आणि पाणी

पहिली ठेच बहुधा भाड्याच्या घरापाशी लागते. मुंबई-पुण्यात दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत रक्कम देण्याची सवय असते. बंगळुरूत दहा महिन्यांचे भाडे आगाऊ ठेवून घेण्याची प्रथा वर्षानुवर्षे रूढ होती. आता अनेक ठिकाणी ते प्रमाण कमी झाले असले, तरी मराठी भाडेकरूला ते जडच वाटते. घर सोडताना रंगकामासाठी एका महिन्याचे भाडे कापून घेण्याची रीतही सर्रास आहे. याखेरीज 'लीज' किंवा 'भोग्य' नावाची एक पद्धत आढळते : मालकाकडे एकदाच मोठी रक्कम ठेवायची, दरमहा भाडे द्यायचे नाही आणि मुदत संपल्यावर रक्कम परत घ्यायची. मालकावर कर्ज आहे का, हे न तपासता अशा व्यवहारात उतरणे धोक्याचे असते.

कायद्याचा फरकही लक्षात घ्यायला हवा. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार 'लीव्ह अँड लायसन्स' कराराची नोंदणी बंधनकारक आहे. बंगळुरूत अकरा महिन्यांचा करार मुद्रांक कागदावर करून काम भागवले जाते, कारण नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यालाच नोंदणीची सक्ती आहे. त्यामुळे रंगकामाची कपात, अनामत परत करण्याची मुदत, देखभाल खर्च हे सारे करारात लिहून घेणे भाडेकरूच्या हिताचे ठरते.

घर पाहताना हवेशीर खोल्यांइतकाच महत्त्वाचा प्रश्न पाण्याचा. 'कावेरीचे पाणी आहे, बोअरवेलचे आहे की टँकरचे?' हे बंगळुरूत सर्वप्रथम विचारावे. शहराला कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून, तेही उंचावर उपसून आणावे लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात बोअरवेल आटल्या, तेव्हा पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी घालावी लागली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला. पण उपनगरांतील प्रत्येक इमारतीपर्यंत ते पाणी पोहोचले आहे, असे गृहीत धरू नये.

'कन्नड गोत्तिल्ला'च्या पलीकडे

व्हाइटफील्ड, मारतहळ्ळी, बेळ्ळंदूर, इलेक्ट्रॉनिक सिटी या पट्ट्यात इंग्रजी आणि हिंदीवर आयुष्य निभावते. नेमका हाच सापळा आहे. कार्यालय, सोसायटी आणि मॉल यांच्या बाहेर पाऊल पडले, की ही सोय संपते. तलाठ्यासारख्या कर्मचाऱ्याकडचे काम, पोलीस ठाणे, सरकारी रुग्णालय, घरकामाला येणाऱ्या बाई, शेजारच्या आजी, या साऱ्यांशी बोलायला कन्नडच लागते. दहा वर्षे राहूनही 'कन्नड गोत्तिल्ला', म्हणजे 'कन्नड येत नाही', एवढेच कन्नड येणारी माणसे कमी नाहीत.

२०११च्या जनगणनेनुसार बंगळुरूत कन्नड मातृभाषा असणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याहून कमी आहे. आपल्याच राजधानीत आपली भाषा ऐकू येईनाशी झाल्याची जी खंत मुंबईतील मराठी माणसाला वाटते, तीच बंगळुरूतील कन्नडिगाला वाटते. २०२४ मध्ये कर्नाटकाने दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड सक्तीचे केले, त्यामागे हीच भावना होती. मुंबईत येणाऱ्याने मराठी शिकावे असा आग्रह धरणाऱ्याने बंगळुरूत स्वतःला तोच नियम लावू नये, हे न्यायाला धरून नाही. १९५६च्या राज्य पुनर्रचनेपासून चालत आलेला सीमावाद आपल्या जागी आहे. तो सोसायटीच्या जिन्यात काढून कुणाचेच भले होत नाही.

मराठी माणसाला कन्नड वाटते तितकी परकी नाही. दोन्हींची वर्णमाला एकाच क्रमाने चालते. 'ळ' दोन्हीकडे आहे. फक्त कन्नडमध्ये 'ए' आणि 'ओ' यांची ऱ्हस्व रूपे वेगळी आहेत. 'तूप' तेथे 'तुप्प' आहे, 'अडकित्ता' हा 'अडकत्तरि'चा नातलग आहे, 'अक्का' आणि 'अण्णा' तर जसेच्या तसे आहेत. तू आणि तुम्ही यांतला मराठी भेद तेथे 'नीनु' आणि 'नीवु' असा आहे. 'बा' म्हणजे ये आणि 'बन्नी' म्हणजे या. रिक्षाचालकाला 'अण्णा' म्हणून 'बन्नी' म्हटले, तर बोलण्याचा सूर पहिल्या वाक्यातच बदलतो. एष्टु (किती), बेकु (हवे), बेडा (नको), स्वल्प (थोडे) हे चार शब्द बाजारासाठी पुरेसे आहेत. आणि भेटल्यावर 'ऊट आयता?' म्हणजे 'जेवण झाले का?' असे विचारणाऱ्या शहराला, 'जेवलात का?' असे विचारत आलेल्या माणसाने परके म्हणण्याचे कारण नाही. गर्दीच्या बसमध्ये 'स्वल्प अड्जस्ट माडी' ही विनंती ऐकू येते. थोडे सरकून घ्या, एवढाच तिचा अर्थ. पण नवागतासाठी तो सल्लाही आहे.

ताटातले आणि पंचांगातले नाते

घराची आठवण सर्वप्रथम जिभेला येते. येथेही अनोळखी नावांमागे ओळखीचे पदार्थ दडलेले आहेत. अवलक्की म्हणजे पोहे, उप्पिट्टु म्हणजे उपमा, कोसंबरी ही कोशिंबिरीची बहीण आणि होळिगे किंवा ओबट्टु म्हणजे आपली पुरणपोळी. ज्वारीच्या भाकरीसाठी जीव तळमळत असेल, तर उत्तर कर्नाटकी पद्धतीचे जेवण देणाऱ्या 'खानावळी'ची पाटी शोधावी. होय, शब्द तोच आहे. तेथे जोळद रोट्टी, म्हणजे ज्वारीची भाकरी, आणि एण्णेगायी, म्हणजे भरली वांगी, मिळतात. नाचणीचा मुद्दे मात्र जुन्या म्हैसूर प्रांताचा. तो चावायचा नसून सारात बुडवून गिळायचा असतो, हे कुणीतरी आधी सांगितलेले बरे.

पंचांगही एकच आहे. दोन्हीकडे महिना अमावास्येला संपतो. त्यामुळे गुढीपाडवा आणि युगादी एकाच दिवशी येतात. कडुनिंब आणि गूळ आपल्याप्रमाणे तेथेही खातात. संक्रांतीला 'एळ्ळु-बेल्ल', म्हणजे तीळगूळ, वाटताना ते खाऊन चांगले बोला, असेच म्हटले जाते. फरक जाणवतो तो गौरींच्या बाबतीत. महाराष्ट्रात गौरी गणपतीच्या मागून येतात. कर्नाटकात गौरी हब्ब हा गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी, भाद्रपद शुद्ध तृतीयेला असतो. लेकाआधी आई येते, एवढेच. आपल्या गौरींच्या हळदीकुंकवाला शेजारणींना बोलवावे आणि त्यांच्या गौरीला आपण जावे, यासारखा ओळखीचा सोपा मार्ग नाही. महाराष्ट्र मंडळाचे कार्यक्रम, नाटके, दिवाळी अंक यांचा आधार मोठा असतो, यात शंका नाही. मात्र सारी ओळख मंडळापुरतीच राहिली, तर शहर बाहेरच राहते.

पाटी, यादी आणि पत्ता

कागदपत्रांचा कंटाळा हे तात्पुरतेपणाचे सर्वांत ठळक लक्षण. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या वाहनाला तेथील नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओकडून ना हरकत प्रमाणपत्र आणायचे, कर्नाटकाचा रस्ता कर भरायचा आणि महाराष्ट्रात भरलेल्या कराच्या उर्वरित भागाचा परतावा मागायचा, असा क्रम आहे. कर्नाटकाचा हा कर देशातील चढ्या करांपैकी आहे. त्यामुळे जुनी गाडी न्यावी की विकावी, याचा हिशेब निघण्यापूर्वी करावा. सतत बदली होणाऱ्यांसाठी २०२१ मध्ये 'बीएच' मालिका सुरू झाली. सरकारी कर्मचारी, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी तिचा लाभ घेऊ शकतात.

मतदारयादीत नाव एकाच ठिकाणी असू शकते. पत्ता बदलल्यास ऑगस्ट २०२२ पासून नमुना क्रमांक ८ भरून ते हलवता येते. हे न करणारा माणूस प्रत्यक्षात कुठलाच मतदार उरत नाही : साडेआठशे किलोमीटरवरील पुण्याला मतदानासाठी जाणे जमत नाही आणि ज्या रस्त्यावरच्या खड्ड्यांनी तो रोज त्रासतो, त्या रस्त्याबद्दल मत देण्याचा हक्क त्याने घेतलेला नसतो.

मुलांचे गणित

तात्पुरतेपणाची सर्वांत मोठी किंमत मुले मोजतात, आणि तीही उशिरा. कर्नाटकात २०१५च्या कायद्यानुसार शाळेत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवली जाते. महाराष्ट्राने मराठीबाबत २०२० मध्ये असाच कायदा केला. लहान मूल नवी लिपी खेळता खेळता उचलते. सातवी-आठवीत गेलेल्या मुलाला तीच जड जाते. मराठी वाचनाचे काय, या चिंतेवर उपाय आहे. तिसरी भाषा हिंदी किंवा संस्कृत असेल, तर देवनागरी शाळेतच येते. घरात मराठी पुस्तके आणि मराठी बोलणे एवढेच उरते.

खरा पेच बारावीनंतर उभा राहतो. कर्नाटकातील व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या सरकारी कोट्यासाठी सर्वसाधारण अट अशी, की पहिली ते बारावीपैकी किमान सात शैक्षणिक वर्षे कर्नाटकात शिकलेली असावीत आणि दहावी किंवा बारावी तेथूनच उत्तीर्ण झालेली असावी. महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा राज्यातून उत्तीर्ण असणे सर्वसाधारणपणे आवश्यक असते. आता हिशेब करून पाहावा. सहावीच्या प्रारंभी बंगळुरूला गेलेले मूल बारावीपर्यंत सात वर्षे पूर्ण करते. आठवीत गेलेल्याची पाचच भरतात. म्हणजे डॉक्टर होऊ पाहणारे हे मूल कर्नाटकाच्या नियमात बसत नाही आणि महाराष्ट्राच्याही नाही. त्याच्यासाठी अखिल भारतीय कोटा, अभिमत विद्यापीठे किंवा महागडी खासगी जागा एवढेच उरते. सरकारी कर्मचारी, सैनिक आदींच्या मुलांना सवलती आहेत आणि नियम वर्षागणिक बदलू शकतात. त्यामुळे त्या त्या वर्षाची माहिती पुस्तिका पाहणे अपरिहार्य आहे. परंतु 'दोन वर्षांत परत' असे म्हणत सहावीची आठवी होऊ देणाऱ्या पालकांनी हे गणित वेळीच मांडायला हवे. परतायचेच असेल तर दहावीच्या आत. राहायचे असेल तर सहावीच्या आत.

घरात उरणारी माणसे

ज्याच्या नोकरीसाठी कुटुंब हलते, त्याला कार्यालय, सहकारी आणि दिनक्रम तयार मिळतो. जोडीदाराला, बहुतेक वेळा पत्नीला, सारे शून्यापासून उभारावे लागते. वकील असेल तर सनद दुसऱ्या राज्याच्या बार कौन्सिलकडे वळवून घेणे, डॉक्टर असेल तर तेथील वैद्यकीय परिषदेकडे नोंद करणे, शिक्षिका असेल तर नव्या शाळा शोधणे, यात वर्ष सहज निघून जाते. या वर्षाची आखणी बदलीचा निर्णय घेतानाच झाली, तर पुढचे मनस्ताप कमी होतात.

वृद्ध आई-वडिलांचा प्रश्न याहून नाजूक. तीन महिने मुलाकडे आणि तीन महिने गावी, अशा फेऱ्यांत ते दोन्हीकडे पाहुणे होतात. निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला आता 'जीवन प्रमाण' सेवेद्वारे कुठूनही देता येतो. सत्तरीपुढील नागरिकांना ऑक्टोबर २०२४ पासून मिळणारे पाच लाख रुपयांचे आयुष्मान भारत संरक्षणही देशभरातील संलग्न रुग्णालयांत चालते. कागदाची अडचण त्यामुळे सुटते. बोलायला माणूस नाही, ही अडचण सुटत नाही. जयनगर, बसवनगुडी, मल्लेश्वरम अशा जुन्या वस्त्यांत उद्याने, देवळे आणि वाचनालये पायी गाठता येतात. ज्येष्ठांना घेऊन राहणाऱ्यांनी घर निवडताना कार्यालयाच्या अंतराइतकाच याही अंतराचा विचार करावा.

दोन्ही तीरांवरची माणसे

महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यातील ये-जा आजची नाही. आज ज्याला कर्नाटक म्हणतो, त्या गदगच्या परिसरात १९२२ मध्ये जन्मलेले पंडित भीमसेन जोशी पुण्यात स्थिरावले, १९५३ पासून तेथे सवाई गंधर्व महोत्सव उभा केला आणि मराठी अभंग घराघरांत नेले. कन्नड दासवाणी मात्र त्यांनी सोडली नाही. याउलट, ज्यांच्या घरात मराठी बोलली जात असे ते धारवाडचे द. रा. बेंद्रे कन्नडचे ज्ञानपीठविजेते महाकवी झाले आणि मराठीतही लिहीत राहिले. एक भाषा जवळ केली म्हणून दुसरी दुरावत नाही, याचे याहून चांगले पुरावे शोधावे लागत नाहीत.

परतायचे की राहायचे, हा निर्णय ज्याचा त्याचा. परतण्याची इच्छा बाळगण्यातही गैर काही नाही. मात्र जोपर्यंत राहणे आहे तोपर्यंत मतदारयादीत नाव, तोंडात चार कन्नड वाक्ये आणि शेजारच्या घरी जाण्याइतकी ओळख असायला हवी. उद्या परत निघालेच, तर यांतले काहीही वाया जात नाही. आणि राहिलेच, तर मुलांना आपण कुठले, या प्रश्नाचे उत्तर देताना अडखळावे लागत नाही.